द्राझा मिहाइलोविच यांचे मूल्यमापन कशाच्या आधारे करावे?

प्रश्नकर्ता : पश्चिमवारा

दुसऱ्या महायुद्धातील बाल्कन प्रदेशाविषयी वाचताना मी एका व्यक्तीपाशी वारंवार अडखळतो आहे. युगोस्लाव्हियाच्या राजसैन्यातील कर्नल आणि पुढे जनरल झालेले द्रागोल्युब उर्फ द्राझा मिहाइलोविच यांना १७ जुलै १९४६ रोजी बेलग्रेडमध्ये देशद्रोह आणि युद्धगुन्ह्यांसाठी गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच २९ मार्च १९४८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना ‘लीजन ऑफ मेरिट’ हा किताब मरणोत्तर बहाल केला आणि ती गोष्ट जवळजवळ वीस वर्षे गुप्त राहिली. मे १९४२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या याच माणसाच्या सरदारांनी शत्रूशी तडजोडी केल्याचे चर्चिल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश संसदेत सांगितले.

आपल्याकडे युगोस्लाव्हिया म्हटले की टिटो, नेहरू आणि १९६१ ची बेलग्रेड परिषद एवढेच आठवते. तेथील युद्धाची कथा आपल्यापर्यंत आली ती बहुतांशी जिंकलेल्या पक्षाच्या तोंडून. त्यामुळे जाणकारांना विचारावेसे वाटते, की मिहाइलोविच जर्मनांशी खरोखर लढले, की लढण्याचा केवळ देखावा झाला? शत्रूशी झालेले संगनमत हे त्यांचे स्वतःचे धोरण होते, की त्यांच्या नावाखाली वावरणाऱ्या टोळीनायकांचा उद्योग? आणि दोस्त राष्ट्रांनी त्यांचा हात सोडला तो पुराव्यांमुळे, की सोयीसाठी?

प्रतिसाद : तळटीप

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९४१ या एकाच वर्षात बरेचसे सापडते, म्हणून मी त्या वर्षापुरतेच सविस्तर लिहितो.

मिहाइलोविच यांचा जन्म १८९३ मध्ये सर्बियातील इवान्यित्सा येथे झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने ते बेलग्रेडला काकांकडे वाढले आणि लष्करी प्रबोधिनीत दाखल झाले. बाल्कन युद्धे, पहिले महायुद्ध, १९१५ मधील आल्बेनियाच्या डोंगरांतून झालेली भीषण माघार आणि त्यानंतरची सालोनिका आघाडी हे सारे त्यांनी तरुण अधिकारी म्हणून अनुभवले. या पूर्वायुष्याचा उल्लेख करण्याचे कारण असे, की त्यांची पुढची सारी युद्धनीती त्यातून आलेली दिसते. सर्बियाने त्या युद्धात लोकसंख्येचा प्रचंड हिस्सा गमावला होता, १९१७ मध्ये तोप्लित्सा भागात झालेला अकाली उठाव बल्गेरियन सैन्याने हजारो माणसे मारून चिरडला होता, आणि अखेर मुक्ती मिळाली ती मित्रसैन्याने दक्षिणेकडून आघाडी फोडल्यावर. तेव्हा संघटना बांधावी, शस्त्रे जपावी, दोस्तांचे सैन्य किनाऱ्यावर उतरले की एकदम उठाव करावा, असा हिशेब त्यांनी मांडला असेल तर तो भित्रेपणाचा म्हणता येत नाही.

६ एप्रिल १९४१ रोजी जर्मनीने हल्ला केला आणि १७ एप्रिलला युगोस्लाव्ह सैन्याने शरणागती पत्करली. मिहाइलोविच त्या वेळी बोस्नियात होते. शरणागतीचा आदेश नाकारून मूठभर माणसांनिशी ते द्रिना नदी ओलांडून आले आणि मेच्या मध्यास पश्चिम सर्बियातील सुवोबोर डोंगरावर, राव्ना गोरा या ठिकाणी त्यांनी तळ ठोकला. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला चढवीपर्यंत, म्हणजे २२ जूनपर्यंत, युगोस्लाव्ह कम्युनिस्टांनी सशस्त्र उठाव केलेला नव्हता. त्यामुळे पहिला प्रतिकारक कोण, या वादात मिहाइलोविच यांच्या समर्थकांची बाजू अगदीच लंगडी नाही.

उन्हाळ्यात पार्टिझानांनी, म्हणजे टिटोंच्या कम्युनिस्ट गनिमांनी, उठाव सुरू केल्यावर चेत्निकांनाही, म्हणजे मिहाइलोविच यांच्या राजनिष्ठ सैनिकांनाही, हातावर हात ठेवून बसणे अवघड झाले. ३१ ऑगस्टला लोझ्नित्सा हे गाव जर्मनांकडून जिंकून घेतले ते चेत्निकांनीच, आणि त्यांचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल वेसेलिन मिसिता त्या लढाईत मारले गेले. १९ सप्टेंबरला स्त्रुगानिक येथे टिटो आणि मिहाइलोविच यांची पहिली भेट झाली, दुसरी २६-२७ ऑक्टोबरला ब्रायिची येथे. या दोन भेटींच्या मध्ये जे घडले ते समजल्याशिवाय पुढचे काहीच उमगत नाही. जर्मन सेनापतींचा हुकूम होता, की मारल्या गेलेल्या प्रत्येक जर्मनामागे १०० आणि जखमी झालेल्या प्रत्येकामागे ५० ओलीस ठार करावेत. गोर्नी मिलानोवात्सजवळ पार्टिझान आणि चेत्निक यांच्याशी झालेल्या चकमकीत १० जर्मन मेले आणि २६ जखमी झाले. कारकुनाने बेरीज करावी तसा २३०० हा आकडा काढण्यात आला, आणि २१ ऑक्टोबरपर्यंत क्रागुयेवात्स येथे प्रत्यक्षात सुमारे २८०० माणसे गोळ्यांनी उडवली गेली. त्यांत शाळेतून थेट उचलून नेलेली मुले आणि त्यांचे शिक्षकही होते. टिटोंनी त्यातून निष्कर्ष काढला, की ज्यांची घरे जळाली ते रानात येतील आणि लढतील. मिहाइलोविच यांनी काढला, की आता थांबले पाहिजे.

येथवर मी त्यांच्या बाजूने लिहिले आहे. परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत चेत्निकांनी उझित्से येथील पार्टिझानांवर, म्हणजे बंदुकांचा कारखाना ताब्यात असलेल्या आपल्या कालच्या सहकाऱ्यांवर, हल्ला केला. तो फसल्यावर ११ नोव्हेंबरला मिहाइलोविच दिव्त्सी या गावी जर्मन अधिकाऱ्यांना भेटले. आपण जर्मनांशी लढू इच्छीत नाही, कम्युनिस्टांशी लढण्यासाठी शस्त्रे द्यावीत, असे त्यांनी तेथे सांगितल्याची टिपणे उपलब्ध आहेत. जर्मनांनी बिनशर्त शरणागती मागितली आणि बोलणी तेथेच संपली. डिसेंबरात जर्मनांनी त्यांना पकडण्यासाठी राव्ना गोरावर मोहीम काढली आणि ते थोडक्यात निसटले. लंडनमधील निर्वासित राजसरकारने मात्र त्यांना जनरल केले आणि जानेवारी १९४२ मध्ये युद्धमंत्री नेमले. जंगलात लपलेला मंत्री आणि देशाबाहेरचे मंत्रिमंडळ अशी ही विचित्र रचना पुढे दोन वर्षांहून अधिक काळ टिकली.

प्रतिसाद : क्षितिजा

तळटीप यांनी क्रागुयेवात्सचा हिशेब मांडला तो योग्यच आहे, पण मिहाइलोविच यांच्या समर्थनार्थ होणाऱ्या लिखाणात तो हिशेब जेवढा पुढे येतो तेवढेच दुसरे काही मागे पडते, याकडे मी लक्ष वेधू इच्छिते. जर्मनांच्या सूडाची भीती जर्मनांविरुद्धच्या निष्क्रियतेचा खुलासा करते. द्रिनेकाठच्या मुस्लिम गावांत जे घडले त्याचा खुलासा तिच्यातून होत नाही.

पार्श्वभूमी आधी सांगते, कारण ती न सांगणे अन्यायाचे होईल. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी-इटलीच्या छत्राखाली ‘स्वतंत्र क्रोएशिया’ हे राज्य उभे राहिले आणि त्याच्या उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेच्या राजवटीने सर्ब, ज्यू आणि रोमा यांचा संहार आरंभला. यासेनोवात्स छावणीत मारल्या गेलेल्यांची नावानिशी यादीच ८३,००० च्या वर जाते आणि त्यांत बहुसंख्य सर्ब आहेत. बोस्नियातील काही मुस्लिमही उस्ताशांच्या गणवेशात होते. सर्ब खेडुतांचा संताप कोठून आला हे कोणी विचारू नये अशीच ती परिस्थिती होती.

तरीही १९४३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्लेवल्या, चायनिचे आणि फोचा या तालुक्यांत पावले जुरिशिच या चेत्निक सरदाराने जी मोहीम काढली, तिचा त्याने स्वतःच पाठवलेला अहवाल वाचावा. १३ फेब्रुवारी १९४३ ची तारीख असलेल्या त्या अहवालात तो मिहाइलोविचला कळवतो, की मुस्लिमांचे सुमारे १२०० लढवय्ये मारले गेले आणि त्याखेरीज स्त्रिया, म्हातारी माणसे आणि मुले मिळून ८००० च्या आसपास. आपल्या बाजूचे मृत २२ आणि जखमी ३२. काही इतिहासकारांना हे आकडे फुगवलेले वाटतात. मला तर अहवाल फुगवलेला असण्याची शक्यता अधिकच अस्वस्थ करते, कारण मग असे आकडे वरिष्ठांना आवडतील अशी खात्री लिहिणाऱ्याला होती असे मानावे लागते.

आता पश्चिमवारा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. जुरिशिच, दाल्मेशियाकडचा मोम्चिलो जुयिच, हर्जेगोविनातला येवजेविच हे सगळे आपापल्या मुलखात स्वबळावर उभे राहिलेले नायक होते आणि इटालियन सैन्याकडून शिधा, बंदुका आणि काडतुसे घेत होते. मिहाइलोविचची हुकमत त्यांच्यावर सैल होती, हे मान्य. कोस्ता पेचानाचसारखा जुना चेत्निक पुढारी तर १९४१ मध्येच उघडपणे जर्मनांकडे गेला होता. पुढे त्याला मिहाइलोविचच्याच माणसांनी मारले. म्हणजे चेत्निक म्हणवणाऱ्या प्रत्येकाच्या कृत्याचे खापर एकाच माणसावर फोडता येत नाही.

पण १९४२ च्या उन्हाळ्यापासून मिहाइलोविच सर्बियात नव्हताच. तो माँटेनेग्रोत, कोलाशिनजवळच्या लिपोवो गावी, म्हणजे जुरिशिचच्या अंगणातच मुक्कामाला होता. अहवालाच्या तारखेनंतर पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, तेथेच एका समारंभात त्याने ब्रिटिश कर्नल बेली यांच्या देखत भाषण केले. बेलींनी त्याचा वृत्तान्त वर पाठवला. त्यानुसार मिहाइलोविच म्हणाला, की आपले शत्रू म्हणजे पार्टिझान, उस्ताशा, मुस्लिम आणि क्रोएट. त्यांचा निकाल लागला की मग इटालियन आणि जर्मनांकडे वळू. आणि उपयोगी पडणारी मदत आपल्याला फक्त इटालियनांकडून मिळते. हा क्रम माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. जुरिशिचला त्याने पदावरून हटवले नाही. डिसेंबर १९४१ मधील ज्या लेखी सूचनांत वांशिक शुद्धीकरणाची भाषा आहे, त्या अस्सल की बनावट यावर वाद आहे, म्हणून त्यांचा आधार मी घेत नाही. घेण्याची गरजही पडत नाही.

आणि बळी केवळ मुस्लिम वा क्रोएटच होते असेही नाही. डिसेंबर १९४३ मध्ये बेलग्रेडजवळच्या व्रानिच या सर्ब गावात पार्टिझानांचे सहानुभूतिदार म्हणून साठांहून अधिक माणसे रातोरात मारण्यात आली, त्यांत लेकरेही होती.

प्रतिसाद : काठावरचा

दोन शंका आहेत. मार्च १९४३ मध्ये टिटोंचे मिलोवान जिलास आणि व्लादिमिर वेलेबित हेही जर्मनांशी बोलणी करायला गेले होते ना? मग संगनमताचा शिक्का एकट्या मिहाइलोविच यांच्या कपाळी का? आणि ब्रिटिशांच्या गुप्त मोहिमा चालवणाऱ्या कैरो कार्यालयात जेम्स क्लुगमन नावाचा कम्युनिस्ट बसला होता, त्याने चेत्निकांचे अहवाल दाबले म्हणून चर्चिल फिरले, असे अनेक ठिकाणी वाचले आहे. त्यात तथ्य किती?

प्रतिसाद : मध्यान्ह

काठावरचा यांच्या पहिल्या शंकेचे उत्तर होकारार्थी आहे. हर्जेगोविनातील नेरेत्वा नदीकाठच्या लढाईत चारी बाजूंनी कोंडी झालेल्या पार्टिझानांनी युद्धकैद्यांच्या अदलाबदलीचे निमित्त करून बोलणी केली आणि ब्रिटिश किनाऱ्यावर उतरले तर त्यांच्याशीही लढू, असेही जर्मनांना सांगितले. युगोस्लाव्हियात ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे दडपली गेली. फरक असा, की त्या बोलण्यांतून टिकाऊ व्यवस्था निर्माण झाली नाही, तर चेत्निक सरदारांचे इटालियनांशी असलेले संधान वर्षभराहून अधिक चालले. त्याच नेरेत्वेकाठी इटालियनांच्या पुरवठ्यावर उभे असलेले हजारो चेत्निक पलीकडच्या तीरावर पार्टिझानांची वाट अडवून होते. मार्चमध्ये पार्टिझान सुमारे चार हजार जखमी आणि आजारी माणसांसह मोडलेल्या पुलावरून पलीकडे गेले आणि त्यांनी ती फळी उधळून लावली. मला विचाराल तर मिहाइलोविच यांचे भवितव्य राजकीय खलबतांत नव्हे, तर तेथे ठरले.

क्लुगमन कैरोत होता आणि त्याची सहानुभूती कोणाकडे होती हे उघड आहे. परंतु चर्चिल यांच्यासमोर ब्लेचली येथे उकललेले जर्मनांचे सांकेतिक संदेशही होते. कोणत्या बाजूमुळे जर्मन तुकड्या अडकून पडत आहेत, हे त्यांना शत्रूच्याच तोंडून कळत होते. मे १९४३ मध्ये कॅप्टन डीकिन आणि सप्टेंबरात ब्रिगेडियर मॅक्लीन टिटोंकडे पोहोचले, त्यांच्या अहवालांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. एका कारस्थानी अधिकाऱ्याच्या माथी सगळे मारणे सोयीचे आहे, पटण्यासारखे नाही.

तथापि चेत्निकांवर अन्याय झाला नाही असेही नव्हे. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी विशेग्राद भागात जर्मन ठाण्यांवर हल्ला करून द्रिनेवरील रेल्वेपूल उडवला, ब्रिटिश अधिकारी स्वतः तेथे हजर होते, आणि बी.बी.सी.ने त्याचे श्रेय पार्टिझानांना देऊन टाकले. मिहाइलोविच यांच्या छावणीत त्यावरून जो कडवटपणा पसरला तो समजण्यासारखा आहे. डिसेंबरात ब्रिटिशांनी मोरावा आणि इबार नद्यांवरील एकेक पूल उडवून दाखवा अशी कसोटी घातली. ते काम झाले नाही, आणि १९४४ च्या वसंतात ब्रिटिश पथके निघून गेली. विसंगतीचा कळस म्हणजे लुकाचेविच या ज्या सरदाराने नोव्हेंबर १९४३ मध्ये जर्मनांशी लेखी करार केला, तोच मार्च १९४४ मध्ये लंडनला युगोस्लाव्हियाचे निर्वासित राजे पीटर यांच्या लग्नाला उपस्थित होता.

अमेरिकन किताबाचे मूळ याच्या पुढच्या टप्प्यात आहे. रुमानियातील प्लोएश्ती येथील तेलसाठ्यांवर बॉम्ब टाकायला जाणारी इटलीतील तळांवरची विमाने सर्बियावर पडत आणि हवाईछत्रीने उतरलेल्या वैमानिकांना शेतकरी आपल्या घरांत लपवत. सापडल्यास संपूर्ण घराचा नाश ठरलेला असूनही हे महिनोनमहिने चालले. ऑगस्ट १९४४ मध्ये लेफ्टनंट जॉर्ज मुसुलिन यांचे छोटे अमेरिकन पथक प्रान्यानी गावी उतरले. गावकऱ्यांनी कुदळ-फावडी आणि बैलगाड्या घेऊन डोंगराच्या सपाटीवर धावपट्टी केली, रात्री शेकोट्यांच्या उजेडात तिच्यावर सी-४७ विमाने उतरली, आणि डिसेंबर अखेरपर्यंत चारशेहून अधिक दोस्त सैनिक सुखरूप इटलीत पोहोचले. पार्टिझानांनी वाचवलेल्या वैमानिकांची संख्या याहूनही मोठी आहे, ही गोष्ट मिहाइलोविच यांचे चाहते सहसा सांगत नाहीत. तरीही ज्या सरकारांनी त्यांना वाऱ्यावर सोडले होते त्यांच्याच माणसांना त्यांनी वाचवले, हे खरे. मोहीम चालू असतानाच, १२ सप्टेंबर १९४४ रोजी, राजे पीटर यांनी लंडनहून नभोवाणीवर सर्वांना टिटोंच्या झेंड्याखाली जाण्याचे आवाहन केले. ज्या राजासाठी हा माणूस तीन वर्षे डोंगरात राहिला, त्याच राजाचा तो आवाज होता.

पश्चिमवारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्षितिजा यांनी दिलेला तारखांचा क्रम मला ठाऊक नव्हता. आता एकच मुद्दा उरतो. १९४६ चा खटला आणि २०१५ मध्ये सर्बियातील न्यायालयाने दिलेला निर्णय यांचा अर्थ काय लावावा? त्या निर्णयाने ते निर्दोष ठरले असे सर्रास लिहिले जाते.

तळटीप

तसे लिहिणे चुकीचे आहे. मार्च १९४६ मध्ये युगोस्लाव्ह गुप्त पोलिसांनी मिहाइलोविच यांना पकडले. त्यांचाच सरदार निकोला कालाबिच याने त्यांना जाळ्यात ओढले, असे बहुतेक वृत्तान्त सांगतात. १० जूनला बेलग्रेडच्या तोपचिदेर भागातील लष्करी इमारतीत खटला सुरू झाला, १५ जुलैला निकाल लागला, दयेचा अर्ज लगेच फेटाळला गेला आणि १७ जुलैला शिक्षा अमलात आली. सरकारी वकील मिलोश मिनिच पुढे देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. बचावाचे वकील द्रागिच योक्सिमोविच यांच्या नशिबी पुढे स्वतःच तुरुंगवास आला. सुटका झालेल्या अमेरिकन वैमानिकांनी साक्ष देण्याची तयारी दाखवली होती, ती परवानगी नाकारण्यात आली. आपण खूप काही इच्छिले, खूप काही आरंभिले, पण जगाच्या वावटळीने आपल्यालाही नेले आणि आपले कार्यही नेले, या आशयाचे त्यांचे अखेरचे निवेदन सर्बियात आजही उद्धृत केले जाते. भाषण म्हणून ते प्रभावी आहे. मात्र फोचाच्या बाबतीत वावटळीला जबाबदार धरणे मला क्षितिजा यांच्या प्रतिसादानंतर अधिकच अवघड वाटते.

खटला राजकीय होता, निकाल आधीच ठरलेला होता आणि अपिलाची सोय नव्हती, हे बेलग्रेडच्या उच्च न्यायालयाने १४ मे २०१५ रोजी मान्य केले, जुना निकाल रद्द ठरवला आणि त्यांचे नागरी हक्क मरणोत्तर परत दिले. त्यांच्या नातवाने काही वर्षांपूर्वी केलेल्या अर्जावरचा तो निर्णय होता. क्रोएशिया आणि बोस्नियातून त्याचा तीव्र निषेध झाला. त्या न्यायालयापुढे प्रश्न होता तो १९४६ मध्ये आरोपीला न्याय्य सुनावणी मिळाली का, एवढाच. लिपोवोतील मुक्काम, जुरिशिचचा अहवाल किंवा इटालियनांचा शिधा यांपैकी कशाचीही फेरतपासणी तेथे झाली नाही. २००४ मध्ये सर्बियाच्या संसदेने चेत्निक आणि पार्टिझान सैनिकांना समान दर्जा देणारा कायदा केला, त्यालाही हेच लागू पडते.